नमुन्याचं कार्ड

गाडीवर तिला सगळे चौकशीबाई म्हणत. नाव ड्रायव्हरकाकांनी ठेवलेलं. स्टेशनात चौकशीची खिडकी असते ना, तशीच ही, असं त्यांचं म्हणणं. फरक एवढाच, की तिथे लोक खिडकीला विचारतात आणि इथे खिडकीच लोकांना सोडत नाही. नवा माणूस गाडीत चढला की तो कुठून आला, घरी कोण कोण, अंगठ्यावरचा हा वण कशाचा, सगळं तिला हवं असायचं. त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. काहींना जेवणानंतर काहीतरी गोड लागतं, तसं हिला कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. नवरा म्हणायचा, शेजाऱ्यांकडे पाहुणे येणार हे तुला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. ती म्हणायची, मी विचारत नाही, ते आपणहून सांगतात. मग कबूल करायची की एकदा विचारलं होतं.

आता अशा बाईच्या वाट्याला काम कोणतं यावं? लोकांचं रक्त तपासायचं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर फुटू द्यायचं नाही. एचआयव्हीची मोफत तपासणी करणारी ती पांढरी गाडी दर आठवड्याला ट्रकतळाच्या मागच्या रस्त्यावर उभी राहायची. एका अंगाला टायरची दुकानं, दुसऱ्या अंगाला दुमजली लॉज, मध्ये तेलाने काळा पडलेला रस्ता. ज्यांना दवाखान्यात जायला सवड नाही किंवा तिथल्या रांगेत कोणी पाहील याची धास्ती आहे, त्यांच्यासाठी ही गाडी: लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, हमाल, लॉजमध्ये खोली घेऊन धंदा करणाऱ्या बाया. चौकशीबाई रक्त तपासायची, आणि समजावून सांगणाऱ्याची जागा कधीची रिकामी असल्यामुळे समजावूनही तीच सांगायची. इतक्या वर्षांत तिने कोणाचं उत्तर घरी नवऱ्यापाशीसुद्धा काढलं नव्हतं. तिला विचारायची खोड होती, सांगायची नव्हती. हा फरक लोकांच्या लक्षात यायला वेळ लागायचा, पण यायचा.

तपासणी तशी सोपी. बोटाच्या टोकाला टोचायचं, थेंबभर रक्त प्लॅस्टिकच्या छोट्या कार्डाच्या खाचेत सोडायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे आणि वीसेक मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर रक्तात काही सापडलं नाही. दोन उमटल्या तर मोठ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा पक्कं करून घ्यायचं आणि गोळ्या सुरू करायच्या. ऐकायला हे एवढंच आहे. पण ती वीस मिनिटं माणूस कशी काढतो हे ज्याचं त्यालाच माहीत.

गाडीची किल्ली ड्रायव्हरकाकांच्या खिशात असली तरी गाडी चालायची ती मावशीमुळे. मावशी त्याच रस्त्यावरची. पूर्वी लॉजच्या स्वयंपाकघरात होती, आता गाडीसाठी माणसं गोळा करायची. अंगाने भरलेली, आवाज घोगरा, आणि हसली की टायरवाल्याच्या दुकानात ऐकू जायचं. लॉजमधल्या कुठल्याही खोलीचं दार तिने वाजवलं की आत चहा ठेवला जायचा. बायका तिच्यापाशी मन मोकळं करायच्या, आपली तान्ही मुलं तिच्या मांडीवर टाकून बाजारात जायच्या. चौकशीबाईला जे दहा प्रश्न विचारून कळायचं नाही ते मावशीला कपभर चहात कळायचं. चौकशीबाईला तिचा हेवा वाटायचा आणि तसं ती बोलूनही दाखवायची.

लोकांना टोचून घ्यायची भीती वाटू नये म्हणून मावशीने एक रीत पाडली होती. गाडी लागली, कनात ताणली, लोक जरा घुटमळायला लागले की ती स्टूलवर बसकण मारायची आणि सगळ्यांदेखत आपलंच बोट पुढे करायची. चौकशीबाई टोचायची, कार्डावर रक्त घ्यायची, थेंब टाकायची. मावशी म्हणायची, बघा, मुंगी चावली, झालं. लोक हसायचे आणि एकेक जण पुढे यायचा. या कार्डाला मावशी नमुन्याचं कार्ड म्हणायची. बाकी प्रत्येक कार्डावर चौकशीबाई आधी नंबर घालायची, मगच बोटाला हात लावायची. नमुन्याच्या कार्डावर नंबर नसायचा. आणि रक्त पुरतं जिरायच्या आत मावशी त्यावर टिश्यूचा कागद टाकायची, कागदासकट कार्ड उचलायची आणि झाकणाच्या पिवळ्या डब्यात सोडून द्यायची.

इथेच चौकशीबाईचं घोडं अडायचं. दर आठवड्याला बोट पुढे करणारी बाई उत्तर का बघत नाही? तिने सरळ विचारून पाहिलं होतं. मावशी म्हणाली, दुकानात कापडाचा नमुना बघतात, त्याचा कोणी सदरा शिवतं का? उत्तर झकास होतं, पण ते उत्तर नव्हतं. ड्रायव्हरकाकांच्या मते मावशीला चाळिशी लागली होती, रेघ दिसत नव्हती आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. चौकशीबाईला ते पटेना, कारण हीच मावशी रस्त्याच्या पलीकडून ओळखायची की वरच्या मजल्यावरच्या कोणी केस कापले. तिला वाटायचं, मावशी घाबरते. सगळ्या रस्त्याला धीर देणारी बाई स्वतःच्या कार्डापुढे भित्री आहे, या विचाराने तिला मावशीबद्दल माया वाटायची आणि जरा रागही यायचा. एकदोनदा टिश्यूचा कोपरा उचलायला तिची बोटं शिवशिवली होती. पण ज्याने उत्तर मागितलं नाही त्याचं उत्तर आपण बघायचं नाही, हा तिचा नियम, आणि तो तिने पाळला. कुरकुरत पाळला, पण पाळला.

दुसरं कोडं मावशीच्या बहिणीचं. अधूनमधून मावशी सकाळची रजा काढायची आणि बहिणीकडे जाऊन यायची. थोरली की धाकटी, मुलं किती, नवरा काय करतो, या सगळ्याला मावशीचं एकच उत्तर: बरी आहे. फार खोदलं तर म्हणायची, बोलत नाही ती फारशी, पण दिल्या वेळेला जागेवर असते. अशी बहीण चौकशीबाईने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिच्या स्वतःच्या बहिणी दिल्या वेळेला कधी जागेवर नसत आणि बोलायच्या मात्र अखंड.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये इस्त्रीवाली आली.

लॉजच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक खोली होती, तिथे ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादी खेप घरी. पोट चांगलं पुढे आलेलं, बाळंतपण दोन महिन्यांवर. मावशीचा तिच्यावर फार जीव. येता-जाता तिच्या खोलीत डोकवायची, जड चादरींचा गठ्ठा स्वतः उचलून द्यायची आणि दर वेळी एकच घोषा लावायची: गाडीवर चल, बोट दे. आता कळलं तर गोळ्यांनी बाळाला वाचवता येतं, बाळ झाल्यावर कळून काय उपयोग? इस्त्रीवाली ऐकून घ्यायची आणि चादर उलटी करायची. मोठ्या दवाखान्याच्या वाटेला ती गेलीच नव्हती. काही न तपासता बाळंतपण करून देणारी एक खाजगी नर्स तिने गाठून ठेवली होती.

मग चौकशीबाई स्वतः तिच्या खोलीत गेली. खोलीत वाफ, गरम सुताचा वास, भिंतीला टेकून घडी घातलेल्या चादरींची चळत. चौकशीबाईने आधी इस्त्रीचीच चौकशी केली: केवढी तापते, डाग कसा काढता, एका चादरीला किती वेळ? इस्त्रीवालीला बरं वाटलं असावं. तिने हळूहळू सांगितलं. आधीच्या लॉजमध्ये एका बाईने अशीच तपासणी केली होती आणि बातमी कशी कोण जाणे फुटली. दुसऱ्याच दिवशी मालकाने इस्त्रीवालीला सांगितलं, तिच्या चादरी वेगळ्या ठेवायच्या. पुढे ती बाईच दिसेनाशी झाली. चादरी मात्र बरेच दिवस कोपऱ्यात पडून होत्या, आणि त्यांना इस्त्री करायची की नाही हे कोणी सांगेना.

"मी त्या चादरींकडे बघत बघत जेवायचे," ती म्हणाली. "तेव्हाच ठरवलं. कळलं नाही तर झालं नाही."

चौकशीबाईला पुष्कळ बोलता आलं असतं. बातमी फोडणाऱ्यांचा तिला संताप आला होता, आणि पोटातलं बाळ आईच्या कळण्या-न कळण्यावर थांबत नाही हेही जिभेवर आलं होतं. पण इस्त्रीवालीनेच पुढे विचारलं, आणि ते ऐकून चौकशीबाईने कान टवकारले.

"तुमच्या मावशीचं काय येतं?"

म्हणजे काय, असं चौकशीबाईने विचारलं. इस्त्रीवाली म्हणाली, या खिडकीतून तुमची गाडी दिसते. मी बघते ना दर वेळी. सगळ्यांची कार्डं तुम्ही तबकात ठेवता, मावशीचं लगेच डब्यात जातं. का?

आपल्यासारखीच आणखी एक या रस्त्यावर आहे, हे पाहून चौकशीबाईला भलताच आनंद झाला. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की माहीत नाही. इस्त्रीवाली थोडा वेळ इस्त्री फिरवत राहिली आणि मग तिने अट घातली. मावशी बोट देणार असेल तर मी देते. पण दोघींचं एकदम, शेजारी शेजारी. तिचं कार्ड डब्यात जायचं नाही. ती उत्तर बघत नसेल तर मी तरी का बघू?

चौकशीबाईने हे मावशीला सांगितलं तेव्हा मावशी चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. हसली नाही. शेवटी म्हणाली, बरं.

त्या दुपारी रस्ता उन्हाने तापला होता आणि गाडीवर गर्दी नव्हती. कनातीखाली दोघी बाकावर बसल्या, समोर घडीचं टेबल, पलीकडे चौकशीबाई. ड्रायव्हरकाका पुढच्या सीटवर डुलक्या काढत होते. इस्त्रीवालीने उजवा हात पोटावर ठेवला होता आणि डावा टेबलावर. मावशी नेहमीची मुंगी विसरली होती. चौकशीबाईने हातमोजे चढवले, दोन कार्डांची पाकिटं फोडून ती तबकात ठेवली. आणि तिच्या मनात एकच घोळत होतं: आज कळणार. इतके दिवस जे टिश्यूखाली होतं ते आज उघड्यावर राहणार. मावशीचं बोट टोचताना तिने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, इस्त्रीवालीचं बोट टोचतानाही मावशीच्याच चेहऱ्याकडे पाहिलं. थेंब टाकले. तेवढ्यात शेजारचा ट्रक सुरू झाला आणि धुळीचा लोट उठला. कार्डात धूळ जाऊ नये म्हणून ती तबक घेऊन लगबगीने गाडीत शिरली. दार अरुंद, तबक आडवं होतं, ते तिने फिरवून आत नेलं आणि पडद्यामागच्या फळीवर ठेवलं.

बाहेर येऊन तिने त्या दोघींना पाणी दिलं. एरवी या वेळात चौकशीबाई माणसाला बोलतं ठेवायची. आज तिला काही सुचेना. वेळ झाली तशी ती आत गेली.

एका कार्डावर एक रेघ होती. दुसऱ्यावर दोन.

तिने नंबर बघायला कार्ड जवळ घेतलं. नंबर नव्हता. दुसरं घेतलं, त्यावरही नव्हता. खिशातला मार्कर काढून पाहिला, त्याचं टोपणसुद्धा निघालेलं नव्हतं. नमुन्याच्या कार्डावर नंबर घालायचा नाही ही हाताला लागलेली सवय, आणि आज दोन्ही कार्डं तिच्या हाताला नमुन्याचीच वाटली होती. निदान डावं-उजवं तरी आठवावं म्हणून तिने डोळे मिटले. तबक दारात फिरवलं, ते एकदा की दोनदा? तिला रडू यायला लागलं. आजवर हजारो कार्डं तिच्या हाताखालून गेली होती आणि चुकायला तिला नेमकं हेच सापडलं. स्वतःच्या नाकाला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण दुसऱ्याच्या गोष्टीत ते खुपसलं नसतं तर हात ठिकाणावर राहिला असता.

तिने मावशीला आत बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. मावशीने दोन्ही कार्डांकडे पाहिलं. मग दोन रेघांच्या कार्डाकडे बोट केलं, त्याच टोचलेल्या बोटाने.

"हे माझं."

चौकशीबाई तिच्याकडे बघत राहिली. मावशीचा आवाज नेहमीसारखाच घोगरा होता. ती म्हणाली, पुष्कळ वर्षं झाली. गोळ्या रात्री घरी घेते. ती बहीण बहीण म्हणून तू माझा जीव खातेस ना, ती गोळ्यांची खिडकी आहे, मोठ्या दवाखान्यातली. दिल्या वेळेला गेलं की गोळ्या देते आणि फार बोलत नाही.

इतके दिवस पोखरणारी दोन्ही कोडी एका दमात सुटली होती. चौकशीबाईला वाटलं होतं, कळल्यावर हलकं वाटेल. तिला लाज वाटली, आणि मावशीजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण लगेच दुसराच विचार डोक्यात आला आणि तो काही केल्या जाईना. या बाईचा त्या पोरीवर जीव आहे. दोन रेघा तिच्या नसून पोरीच्या असल्या, तर पोरीला तोंडावर ते ऐकावं लागू नये म्हणून मावशी खोटं बोलणार नाही कशावरून?

"मावशी, तुम्ही तिच्यासाठी काहीही सांगाल," ती म्हणाली.

"एवढी चांगली नाही गं मी," मावशी म्हणाली. "चांगली असते तर आधीच सांगितलं असतं."

तरी चौकशीबाईने मान हलवली. ज्या कार्डावर खूण नाही ते कार्ड नव्हे. तोंडच्या शब्दावर ती कोणाला मोकळं करणार नव्हती, तेही पोटात मूल असताना. पुन्हा टोचावं लागणार होतं. तिने दोन्ही कार्डं पिवळ्या डब्यात टाकली, कारण ती समोर राहिली तर आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू, असं तिला वाटलं.

बाहेर येऊन तिने इस्त्रीवालीपुढे चूक कबूल केली. खुणा करायच्या राहिल्या, कोणतं कार्ड कोणाचं ते कळत नाही, पुन्हा एकदा बोट द्यावं लागेल. इस्त्रीवालीचा चेहरा बदलला. ती एका हाताने बाक धरून उभी राहिली.

"चूक तुमची आणि बोट माझं?" ती म्हणाली. "दोन्ही सारखी असती तर पुन्हा टोचायला सांगितलं नसतं तुम्ही. एकात काहीतरी आलंय."

मुलगी हुशार होती. ती चपला पायात सरकवू लागली. आता ही गेली की पुन्हा यायची नाही. ती नर्स, ते बाळंतपण, आणि मग जे व्हायचं ते होईल.

"बस खाली," मागून मावशी म्हणाली. ती गाडीच्या पायरीवर उभी होती. "त्यातलं एक माझं आहे. मला दोन रेघा येतात. दर वेळी येतात. म्हणून तर डब्यात टाकते."

इस्त्रीवाली उभीच राहिली. मावशी हळूहळू पायरी उतरली आणि बाकावर इस्त्रीवालीसाठी जागा सोडून बसली.

"लपवलं, कारण या रस्त्यावर मला घराघरात चहा मिळतो. त्या चहावर माझं सगळं काम आहे. त्या चादरींचं तू मलाही कधीतरी सांगितलंस ना, कोपऱ्यात पडून राहिल्या. तसा माझा कप पडून राहील अशी भीती वाटते मला. अजून वाटते. माझ्या वेळी गाडी नव्हती गं. कोणी विचारलंच नाही. मुलगी झाली, सारखी आजारी पडायची, चालायला लागली आणि गेली. ती गेल्यावर माझं रक्त तपासलं. म्हणून तुझ्या मागे लागते. हौस नाही मला."

टायरच्या दुकानात हवा भरल्याचा आवाज येत होता. इस्त्रीवाली मावशीकडे अशी निरखून बघत होती, जशी ती इस्त्री केल्यावर चादर उजेडात धरून बघायची. मग तिने विचारायला सुरुवात केली. गोळ्यांनी मळमळतं का? सुरुवातीला मळमळायचं, आता नाही. किती घ्याव्या लागतात? रोज एक. चुकली तर? चुकवत नाही. आणि आता मला आलं तर माझ्या बाळाचं काय? मावशीने चौकशीबाईकडे पाहिलं, आणि चौकशीबाईने सांगितलं: तुम्ही गोळ्या घ्यायच्या, जन्मल्यावर बाळालाही काही दिवस औषध द्यायचं, दवाखान्यात बाळंत व्हायचं. बहुतेक बाळं धडधाकट निघतात. इस्त्रीवालीने ते दोनदा सांगायला लावलं. एरवी प्रश्न विचारणारी चौकशीबाई त्या दुपारी नुसती उत्तरं देत होती.

शेवटी इस्त्रीवाली बसली. त्या सोडलेल्या जागेत बसली, मावशीला खेटून. आणि म्हणाली, मार्कर मला द्या.

चौकशीबाईने दोन नवी कार्डं काढली. लिहिणं काही इस्त्रीवालीच्या हातचं नव्हतं, म्हणून तिने एका कार्डाच्या कोपऱ्यात छोटी इस्त्री काढली, मुठीसकट. दुसऱ्यावर कप काढला, कानासकट. चौकशीबाईने वर आपले नंबरही घातले आणि मार्करचं टोपण डोळ्यांदेखत लावलं. मग बोटं टोचली. या खेपेला कार्डं टेबलावरच राहिली, फक्त वाऱ्याच्या बाजूला तिने पुठ्ठा उभा केला. असं करायची पद्धत नव्हती. उत्तर पडद्यामागे एकेकालाच द्यायचं असतं. तिने दोघींना वेगवेगळं विचारलं, आत जाऊया का म्हणून. दोघीही नको म्हणाल्या.

मग ती वीस मिनिटं. चौकशीबाईच्या मनातून शंका गेली नव्हती. मावशी खोटं बोलली असेल तर आता दिसेल, इस्त्रीच्या कार्डावर दिसेल. तिला आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटत होतं की आपल्याला काही कळू नये. इस्त्रीवाली मात्र आपल्या कार्डाकडे बघतच नव्हती. ती कपाच्या कार्डाकडे बघत होती, आणि तिने मावशीचं मनगट घट्ट धरलं होतं. पहिली रेघ दोन्हींवर चढली. मग कपाच्या कार्डावर दुसरी रेघ दिसू लागली, आधी फिकी, मग ठसठशीत. इस्त्रीच्या कार्डावरची बाकीची जागा पांढरी राहिली. वेळ पुरी झाली तरी पांढरीच राहिली. चौकशीबाईने ते कार्ड उजेडात धरून पाहिलं, तिरकं करून पाहिलं.

"एकच आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग नाक पुसून तिने कामाचं सांगितलं: नवरा येऊन-जाऊन असतो, तेव्हा बाळंतपणाच्या आधी पुन्हा एकदा बोट द्यायचं, नवऱ्यालाही घेऊन यायचं, आणि त्या नर्सकडे न जाता दवाखान्यात नाव घालायचं. इस्त्रीवालीने सगळ्याला मान डोलावली. मावशी त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

सवयीने चौकशीबाईने टिश्यूचा कागद पुढे केला. मावशीने तो घेतला, त्याने तोंड पुसलं आणि कागद खिशात घातला. कार्ड तसंच उघडं राहिलं.

इस्त्रीवाली निघाली, दोन पावलं गेली आणि वळली. वरच्या मजल्यावरच्या त्या दोघी आहेत ना, ती म्हणाली, त्याही माझ्यासारख्याच, कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना मी मावशीचं हे कार्ड दाखवलं तर चालेल का? नाव नाही सांगणार. नुसतं दाखवेन, की इतकी वर्षं झाली तरी माणूस धडधाकट आहे.

मावशी कार्डाकडे बघत राहिली. कपाचा कान जरा वाकडा झाला होता.

"कार्ड बाहेर न्यायचं नसतं, डब्यात टाकायचं असतं," ती म्हणाली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. "मलाच घेऊन चल."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. इस्त्रीवालीची चाल जड, मावशीची त्याहून जड. लॉजच्या दारात मावशी क्षणभर थांबली, आणि मग आत शिरली. चौकशीबाई दोन्ही कार्डं हातात घेऊन बघत उभी होती. कप आणि इस्त्री तिने हलकेच पिवळ्या डब्यात सोडले.

ड्रायव्हरकाकांची झोप एवढ्यात उघडली होती. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी जांभई दिली, लॉजकडे पाहिलं आणि विचारलं, ऐन कामाच्या वेळी मावशी कुठे निघाली?

"बहिणीकडे," चौकशीबाई म्हणाली.